टाचा टेकव, बाळा

"टाचा टेकव, बाळा," रांगेच्या तोंडाशी उभी असलेली ताई म्हणते. सईच्या टाचा खाली येतात, पण मान अजून ताणलेलीच आहे आणि श्वास छातीत कोंडून धरलेला आहे. ताई तिच्या डोक्यावर तळहात आडवा ठेवते आणि तसाच सरळ खांबापर्यंत नेते. खांबावरची लाल रेघ १२० सेंटिमीटरवर आहे. तळहात तिच्या खालीच थांबतो.

"एकशे सतरा. दोन बोटं कमी पडतायत गं."

सईचा श्वास सुटतो. तिचा अकरा वर्षांचा दादा, आदित्य, बाबांबरोबर आत सटकलासुद्धा. मी सईची आत्या. आम्ही दोघी समोरच्या बाकावर येऊन बसतो. पुण्याहून पहाटे निघून, खंडाळ्याचा घाट उतरून खोपोलीजवळच्या या पार्कात आम्ही आलोय ते खास या रोलर कोस्टरसाठी. दिवाळीची सुट्टी, ऊन कडक, रांग चाळीस मिनिटांची. म्हणजे पुढची चाळीस मिनिटं आमच्या डोळ्यांसमोर हा खांबच असणार.

खांब कसला, लाकडी फळीतून कापलेलं रंगीत माकड आहे. त्यानं उजवा हात आडवा पसरलाय आणि पोटावर सेंटिमीटरच्या खुणा आहेत. डोकं हाताला टेकलं तर आत, नाही टेकलं तर बाहेर. त्या हाताची खालची कड मी निरखून बघते. तिथला पिवळा रंग पार गेलाय आणि लाकूड काळपट, तुकतुकीत झालंय. खोबरेल तेल लावून, भांग पाडून आणलेली डोकी इथं घासून गेली आहेत. एवढीशी कड, पण तिच्यात कितीतरी मुलांची आशा मुरली आहे.

"आत्या, ती मुलगी बघ," सई बोट दाखवते. "ती पहिलीतली आहे, मघाशी तिची आई सांगत होती. मी दुसरीत आहे. मग ती कशी गेली?"

"कारण इथं इयत्ता मोजत नाहीत, उंची मोजतात."

"पण का?"

या 'का'चं उत्तर खांबावर लिहिलेलं नाही. तिथं फक्त रेघ आहे. ते उत्तर थोड्या वेळानं मिळतं, आणि तेही दुसऱ्याच कोणाच्या भांडणातून.

आठ-दहा जणांचं एक कुटुंब रांगेत शिरतं. डोक्यावर गांधी टोपी घातलेले आजोबा, दोन सुना, मुलं, आणि पुढं एक तरणा बाप. त्याच्या बोटाला सहाएक वर्षांचा मुलगा. ताई मुलाला खांबाशी उभा करते. तो सईपेक्षाही थोडा कमीच भरतो.

"ताई, दोन बोटांनी काय हुतंय?" बाप म्हणतो. "पाटणवरनं आलोय आम्ही, पहाटे चारला निघून. तिकिटाचं पैसं भरलंत. मी शेजारीच बसतोय की. मी धरतो त्याला."

मागून कोणीतरी त्याची बाजू घेतं. "जाऊ द्या हो, एवढा हिरमुसलाय."

ताई आवाज चढवत नाही. ती दुसऱ्या मुलाला खांबाशी उभं राहायला खूण करते आणि बापाला म्हणते, "दादा, दोन मिनिटं इकडं या. बाळालाही आणा."

ती त्यांना कठड्याशी घेऊन जाते. आमचा बाक कठड्याला लागूनच आहे, त्यामुळे सगळं दिसतं. सई उठून उभीच राहते. खाली फलाटावर गाडी थांबली आहे. जोडीजोडीनं माणसं बसतायत. प्रत्येक जोडीच्या पुढ्यात एकच जाड, काळा बार आहे. तो वरून खाली येतो, मांडीवर दाबला जातो आणि 'कट्ट' असा आवाज करून अडकतो.

"तिसऱ्या रांगेत बघा," ताई म्हणते. तिथं एक धिप्पाड गृहस्थ आणि त्यांच्या शेजारी दहाबारा वर्षांची मुलगी आहे. बार गृहस्थांच्या मांडीवर गच्च बसलाय. मुलीच्या मांडीवर मात्र बोटभर जागा उरली आहे. "बार एकच आहे ना? ज्याची मांडी जाड, त्याच्यावर तो अडतो. त्या मुलीची उंची पुरेशी आहे, म्हणून तिच्याकडं एवढीच फट राहिली. आता तुमच्या शेजारी याला बसवा. तुमची मांडी केवढी, याची केवढी? याच्याकडं फट वीतभर राहणार. रेघ आम्ही त्या फटीसाठी काढली आहे."

बाप खाली बघत राहतो. मग आपल्या मांडीकडं बघतो, मग पोराच्या.

मला तिथंच उलगडा होतो. इतका वेळ मी समजत होते की हा खांब उंची मोजतो. तो खरं तर फट मोजतो. प्रत्येक मुलाची मांडी, कंबर, पाठ मोजत बसायला रांगेत वेळ नसतो. उंचीवरून या सगळ्याचा बराचसा अंदाज येतो. पुरेशा उंचीच्या मुलाची पाठ सीटच्या पाठीला टेकते आणि गुडघे सीटच्या कडेवर नीट दुमडतात. लहान मुलाचे गुडघे कडेपर्यंत पोचतच नाहीत. मग पाय खाली सोडायला ते पुढं घसरून बसतं, पाठीमागं पोकळी राहते आणि बारखालून निसटायची वाट मोकळी होते.

"पण मी धरला तर?" बाप पुन्हा विचारतो. आता आवाजात हुज्जत नाही, खरंच विचारतोय.

"दादा, गाडीत मांडीवर पोर घेतलं आणि करकचून ब्रेक लागला, तर हातात राहतं का?"

तो काही बोलत नाही. वर रुळांवर गाडी धडधडत उतारावरून खाली झेपावते आणि किंकाळ्यांचा एक लोट आमच्या अंगावरून जातो. अशा उताराच्या तळाशी माणसाला स्वतःचं वजन कित्येक पटींनी वाढल्यासारखं वाटतं. तिप्पट धरलं, तर अठरा किलोचं पोर त्या क्षणी चोपन्न किलोचं होतं. पुढच्याच चढाच्या माथ्यावर याच्या उलट घडतं. गाडी खाली वळते, शरीर मात्र वर जाऊ पाहतं आणि माणूस सीटवरून उचलला जातो. पोटात गोळा येतो तो तेव्हाच. बापाचं अंगही त्याच वेळी उचललं जात असतं. त्या अर्ध्या सेकंदात बापाचे हात कितीही बळकट असले तरी उपयोगाचे नाहीत. तिथं धरून ठेवतो तो बार, आणि बारला फट चालत नाही.

आजोबा पुढं येतात. नातवाच्या खांद्यावर हात ठेवतात. "चल रं, आपण दोघं त्या घोड्यांच्या चक्रात बसू. मलाबी ह्यात बसायचं न्हाई." पोरगा एकदा मागं वळून बघतो आणि आजोबांबरोबर चालू लागतो. बाप ताईला म्हणतो, "बरं झालं दावलंत."

ताई परत खांबाशी जाता जाता आमच्या बाकाशी क्षणभर थांबते. मी तिला म्हणते, "छान समजावलंत." ती ओढणीनं कपाळाचा घाम टिपते. "रेघ दाखवली की भांडतात, मॅडम. फट दाखवली की गप्प होतात."

सई आता रुसलेली नाही. ती माझ्या मांडीवर हात ठेवून बघते, मग स्वतःच्या. दोन्हींतला फरक ती बोटांनी मोजते.

रांग पुढं सरकत राहते. तेवढ्यात एक मुलगा येतो, आठएक वर्षांचा, नवे कोरे बूट घातलेला. चालताना तो घोट्यातून लटपटतोय. खांबाशी उभा राहतो आणि डोकं माकडाच्या हाताला अगदी बरोबर टेकतं. आई हसते. ताई मात्र त्याच्या पायांकडं बघते. ती गुडघ्यावर बसते, म्हणजे तिचं तोंड त्याच्या तोंडासमोर येतं, आणि हळूच विचारते, "बूट चावतात का रे?"

मुलगा आईकडं बघतो. मग खाली बघतो. "आत रुमाल आहेत," तो सांगतो. "दोन दोन."

आईचा चेहरा उतरतो. ती काहीतरी बोलू बघते, पण ताई तिच्याकडं वळतच नाही. ती मुलाच्या बुटाची नाडी सोडते, घडी घातलेले रुमाल बाहेर काढते, त्याच्या हातात ठेवते आणि नाडी पुन्हा बांधून देते. "खरं सांगितलंस, शाब्बास. पुढच्या वर्षी रुमालाशिवाय ये."

मला त्या आईचा राग येत नाही. पोराला सगळं मिळावं म्हणूनच तिनं ते केलं, हे दिसतंय. पण त्या मुलाकडं बघून काळजात चर्र होतं. सकाळी निघताना घरातल्या सगळ्यांत विश्वासाच्या माणसानं त्याला शिकवलं, की नियम म्हणजे चुकवायची गोष्ट. आणि ज्या गोष्टीपासून हा नियम त्याला वाचवत होता, तिच्याविषयी त्याला कोणीच काही सांगितलं नाही.

फटीची किंमत काय असते, ते जगानं पाहिलं आहे. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेत, फ्लोरिडातल्या ऑर्लँडो शहरात, १३१ मीटर उंचीच्या मनोऱ्यावरून खाली सोडल्या जाणाऱ्या एका राइडवरून चौदा वर्षांचा एक मुलगा पडून गेला. तो उंचीनं कमी नव्हता. उलट त्या राइडच्या वजनमर्यादेपेक्षा त्याचं वजन खूप जास्त होतं. चौकशीत आढळलं की त्याच्या सीटचा सेन्सर हातानं बदलून ठेवलेला होता. त्यामुळे खांद्यावरून येणारं हार्नेस आणि सीट यांच्यातली फट नेहमीच्या जवळजवळ दुप्पट असूनही यंत्रानं 'सगळं ठीक' असं दाखवलं आणि राइड सुरू झाली. मापातून कोणालातरी सूट दिली गेली होती. पुढं तो मनोरा पाडला गेला आणि २०२३ मध्ये फ्लोरिडानं अशा राइड्ससाठी नवा कायदा केला. पण ते सगळं नंतर.

सई विचारते, "आत्या, तू लहान होतीस तेव्हा तुला पण मोजायचे?"

नाही मोजायचे. आमच्या जत्रेत आकाशपाळणा असायचा. पाळणेवाला आम्हाला काखेत धरून उचलायचा, लाकडी फळीवर बसवायचा आणि पुढ्यात एक लोखंडी दांडा आडवा टाकून त्याचं टोक भोकात अडकवायचा. दांडा आमच्या छातीसमोर यायचा, मांडी आणि दांडा यांच्यामध्ये एक अख्खं पोर मावलं असतं. आजी खालून ओरडायची, "दांडा सोडू नकोस गं!" तो आवाज हाच आमचा बार होता. आम्ही सुखरूप खाली आलो, आणि म्हणून आपल्याला वाटत राहिलं की एवढं पुरेसं असतं. आजही कितीतरी जत्रांमधल्या पाळण्यांजवळ ना रेघ असते, ना कुणाच्या डोक्यावर तळहात ठेवणारी ताई.

गाडी पुन्हा फलाटावर येते. आदित्य धावत बाहेर येतो, केस उभे, गाल लाल, बोलताना शब्द एकमेकांत अडकतायत. "सई, तो दुसरा उतार आहे ना, तिथं मी उडालोच! खरंच उडालो! बार नसता ना..." त्याची चड्डी अर्धी आहे. गुडघ्याच्या थोडं वर, दोन्ही मांड्यांवर, बारचा आडवा लालसर वळ उमटलाय.

सई खाली वाकते आणि त्या वळावर बोट फिरवते. "इथं धरलं तुला?"

"हो. एकदम घट्ट."

ती क्षणभर विचार करते. मग खांबाशी जाते, पण मोजून घ्यायला नाही. "ताई, मी परत कधी येऊ?"

ताई हसते. "तीन सेंटिमीटर ना? पुढच्या दिवाळीला ये." ताईचा हिशेब बरोबर आहे. या वयात मुलं वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतात. पुढच्या दिवाळीत सईचं डोकं माकडाच्या हाताला लागेल, आणि तेही टाचा टेकवून.

तुम्हीही मुलांना घेऊन निघाल, तेव्हा आदल्या दिवशी घरीच भिंतीला टाचा लावून, चप्पल काढून त्यांची उंची मोजा. कुठल्या राइडला किती उंची लागते ते आधी बघा आणि मुलाला घरीच सांगून ठेवा, म्हणजे रांगेत सगळ्यांसमोर त्याचा हिरमोड होणार नाही. खांबाशी उभ्या असलेल्या माणसानं 'नाही' म्हटलं, तर मुलासमोर त्याच्याशी भांडू नका. आणि गावच्या जत्रेत, जिथं खांबच नाही, तिथं तुम्हीच खांब व्हा. पाळणा हलायच्या आधी दांडा लावून बघा, मुलाची मांडी आणि दांडा यांच्यामध्ये हात घाला. हात सहज आत गेला, तर मुलाला खाली उतरवून घ्या.