बिऱ्हाड आणि दप्तर

धुळ्याच्या देवपुरातील आमच्या माडीवर तीन जुने संगणक एकमेकांस जोडून, कुबरनेटीज या व्यवस्थेखाली, घरच्या मोडी कागदांच्या छायाचित्रांचा संग्रह मांडण्याचा उद्योग मी आरंभिला, तेव्हा पहिला धडा नुकसानीनेच दिला. या व्यवस्थेत कार्यक्रम ज्या कंटेनरात चालतो, त्याचे बिऱ्हाड विंचवासारखे पाठीवर असते, आणि तो मेला की बिऱ्हाडही त्याच्याबरोबर जाते. मी एक कंटेनर सहज बंद केला. त्याच्या जागी दुसरा तत्काळ हजर झाला, परंतु दिवसभर चढविलेली छायाचित्रे नाहीशी झाली होती.

यावर तजवीज अशी, की चौथ्या संगणकावरील डिस्क एनएफएस या जाळ्यावरून फाइली वाटण्याच्या रीतीने तिघांस खुली करावी, तिच्यातील २० गिगाबाइटांची जागा ‘पर्सिस्टंट व्हॉल्यूम’ म्हणून व्यवस्थेच्या दप्तरी नोंदवावी, आणि त्या जागेसाठी ‘पर्सिस्टंट व्हॉल्यूम क्लेम’ ही रीतसर दरखास्त गुदरावी. दरखास्त १० गिगाबाइटांची असली तरी जुळलेली २० ची जागा सबंध तिलाच बांधली जाते. माझी पहिली दरखास्त ‘पेंडिंग’ या शेऱ्याखाली तासभर पडून राहिली. शोध घेता, स्टोरेज क्लासच्या, म्हणजे जागेच्या प्रकाराच्या, नावात जागेच्या नोंदीत आणि दरखास्तीत एका अक्षराचा फरक निघाला. ती रद्द करून नवी केली, तोच पडद्यावर ‘बाउंड’ हा शब्द उमटला. ती जागा कंटेनरास जोडून छायाचित्रे पुन्हा चढविली, आणि मग कंटेनर मुद्दाम दोनदा मोडून पाहिला. छायाचित्रे जागच्या जागी होती.

खरी कसोटी पुढेच आहे. स्टोरेज क्लासकडून आपोआप निर्माण होणाऱ्या जागेस, वेगळे न सांगितल्यास, ‘डिलीट’ हा नियम लागतो, म्हणजे दरखास्त काढून टाकताच मजकूरही जातो. ‘रिटेन’ लिहिले असेल तर जागा मजकुरासह राहते, आणि कारभाऱ्याने स्वतः निकाल लावल्यावाचून दुसऱ्या कोणास मिळत नाही.

पांझरा नदीच्या पलीकडे, मूळ धुळे शहरात, धनी गेला तरी मजकूर राखावा ही शिकवण जुनी आहे. गावोगाव दप्तरे धुंडाळीत हिंडलेले इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच निवर्तले, आणि १९२७ साली त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले; राजवाडे गेले, पण कागदांना धनी उरला. म्हणून ही व्यवस्था उभारणाऱ्यास माझी विनंती एवढीच, की कार्यक्रम चालू करण्यापूर्वी ‘रिटेन’ हा शब्द लिहावा, आणि त्या डिस्कची एक प्रत दुसऱ्या घरी ठेवावी.