हॉलमध्ये कॅमेरा? नो चान्स!

विकेंडला अलिबागचा बंगला बुक करताय? मग एक फंडा लक्षात ठेवा. एअरबीएनबीने ३० एप्रिल २०२४पासून घरात कॅमेरे लावायला जगभर बंदी केलीय. त्याआधी हॉलमधला कॅमेरा चालायचा, फक्त मालकाने तसं सांगायला हवं होतं. आता तोही बंद! दाराबाहेरचा चालतो, तोही आधी सांगूनच.

गोची वेगळीच आहे. मित्राकडून नंबर घेऊन थेट बुकिंग केलं, तर हा नियम लागूच नाही. आयटी कायद्याचं कलम ६६ई आहे, पण ते शरीराच्या खासगी भागांच्या चित्रणापुरतं. सोफ्यावर निवांत लोळणारे आपण त्यात बसत नाही. म्हणून अ‍ॅडव्हान्स देण्याआधी मी बिनधास्त विचारते, "आत कॅमेरा आहे का?" आणि उत्तर लेखीच मागते. हसणारे हसोत!