मजकूर कोणत्या प्रणालीच्या हवाली करावा?

एखादे वाचनालय, शिक्षणसंस्था किंवा नियतकालिक संकेतस्थळ उभारायला घेते, तेव्हा चर्चा बहुधा रंगसंगती आणि पहिल्या पानावरचे छायाचित्र यांतच रमते. मजकूर साठवणारी, त्याची वर्गवारी ठेवणारी आणि वाचकाने मागताच पान रचून देणारी जी प्रणाली या सगळ्याच्या तळाशी असते, तिची निवड मात्र काम घेणाऱ्या व्यावसायिकाच्या सवयीवर सोडली जाते. ही आशय व्यवस्थापन प्रणाली, म्हणजे रोजच्या बोलण्यातला सीएमएस. तिच्यात लेख डेटाबेसमध्ये, अर्थात माहितीच्या कोष्टकबद्ध साठ्यात असतो, आणि वाचकाची मागणी आली की सर्व्हरवरची आज्ञावली तो उचलून थीममध्ये, म्हणजे ठरवून ठेवलेल्या दृश्य साच्यात बसवते. मजकूर आणि रूप यांची ही फारकत महत्त्वाची आहे, कारण दहा वर्षांनी रूप पालटले तरी मजकूर शाबूत राहावा ही अपेक्षा तिच्यावरच उभी असते.

जगातील ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे आज वर्डप्रेसवर चालतात. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी २००३ मध्ये सुरू केलेली ही प्रणाली मुक्त परवान्याखाली मिळते, सामान्य होस्टिंगवर चालते आणि टंकलेखन येणाऱ्या कार्यकर्त्याला थोड्या सरावाने वापरता येते. बातम्या, कार्यक्रमांच्या सूचना आणि काही स्थिर पाने एवढीच गरज असलेल्या संस्थेने तिच्यापलीकडे शोधत बसण्याचे कारण नाही. तिच्या मूळ गाभ्यात नसलेली सोय प्लगइन नावाच्या जोड-आज्ञावलीने मिळवता येते. मात्र प्रत्येक प्लगइनचा कर्ता वेगळा असतो, आणि त्याने देखभाल सोडली की तेथूनच घुसखोरीला वाट मिळते. म्हणून प्लगइन जितके कमी तितके बरे.

मजकुराला अंगचीच रचना असते तेव्हा प्रश्न अवघड होतो. ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ मध्ये पाडलेल्या प्रथेतून मराठीत दिवाळी अंकांचा प्रचंड साठा झाला आहे. समजा, एखाद्या ग्रंथालयाला त्यातील काही अंकांचे संग्रहस्थळ करायचे आहे. तेथे प्रत्येक लेखाला लेखक, वर्ष, संपादक, चित्रकार आणि साहित्यप्रकार असतो, आणि अमुक चित्रकाराची अमुक दशकातील सर्व कामे एकत्र पाहू इच्छिणारा अभ्यासक येणारच. हे सर्व तपशील लेखाच्या सलग मजकुरातच लिहून ठेवले, तर यंत्राला ते वेगळे ओळखता येत नाहीत. त्यासाठी प्रत्येक तपशिलाला स्वतंत्र रकाना हवा. वर्डप्रेसमध्येही तो जोडता येतो, पण ड्रुपल या दुसऱ्या सीएमएसची मांडणी मुळातच रकान्यांवर आणि त्यांच्यातील संबंधांवर आधारलेली आहे. कोणी काय लिहावे, तपासावे आणि प्रसिद्ध करावे याच्या परवानग्याही त्यात बारकाईने ठरवता येतात. ‘मायबोली’ आणि ‘मिसळपाव’ यांसारख्या, असंख्य सभासद लिहीत असलेल्या मराठी संकेतस्थळांनी त्याचा आधार घेतला, हे या दृष्टीने समजण्यासारखे आहे.

ड्रुपलची किंमत मात्र देखभालीत मोजावी लागते. सातव्या आवृत्तीवरून २०१५ च्या आठव्या आवृत्तीकडे जाणे हे नेहमीचे अद्ययावतीकरण नव्हते. संकेतस्थळ जवळजवळ नव्याने बांधून मजकूर तिकडे हलवावा लागे. त्यामुळे अनेक संस्था जुन्याच आवृत्तीवर राहिल्या, आणि ५ जानेवारी २०२५ रोजी तिचा अधिकृत आधार संपला. ऑक्टोबर २०१४ मध्ये याच आवृत्तीत सापडलेला दोष इतका गंभीर होता, की तो जाहीर झाल्यापासून सात तासांत ज्यांनी दुरुस्ती केली नाही त्यांनी आपले संकेतस्थळ घुसखोरांच्या हाती गेले असे गृहीत धरावे, असे ड्रुपलच्या सुरक्षा गटाला सांगावे लागले. ज्या संस्थेकडे तांत्रिक जाणकार कायम उपलब्ध नाही, तिने रकान्यांच्या मोहाने ड्रुपल घेऊ नये.

विक्ससारख्या सेवेत सर्व्हर आणि देखभाल दोन्ही कंपनीकडे असतात आणि काम झटपट होते. परंतु तेथे बांधलेले संकेतस्थळ जसेच्या तसे उचलून दुसऱ्या सर्व्हरवर चालवता येत नाही. दुकानाच्या माहितीपत्रकासाठी हे चालेल, पण पिढ्यांचा मजकूर सांभाळणाऱ्या संस्थेसाठी ही अट फार जड आहे.

देवनागरीसाठी काही चाचण्या वेगळ्याच कराव्या लागतात. मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही आवृत्त्या हव्या असतील, तर ड्रुपल आणि जूमला या प्रणालींच्या गाभ्यातच ती सोय आहे. वर्डप्रेसमध्ये त्यासाठी प्लगइन लागते. वर्डप्रेस शीर्षकावरून लेखाचा वेबपत्ता तयार करते आणि त्याला २०० चिन्हांची मर्यादा घालते. देवनागरीचे एकेक चिन्ह सांकेतिक रूपात नऊ चिन्हांची जागा घेते आणि काना, मात्रा, वेलांटी स्वतंत्र मोजल्या जातात, म्हणून २२ चिन्हांनंतर पत्ता मध्येच तुटतो. असे पत्ते रोमन लिपीत हाताने द्यावेत, आणि हा नियम पहिल्या लेखापासून पाळावा, कारण पत्ता नंतर बदलला तर इतरांनी दिलेले जुने दुवे निकामी होण्याचा धोका असतो.

जुन्या अंकांचा मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असेल, तर त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात; पडद्यावर मराठी दिसते, पण शोधयंत्राला ती मराठी वाटत नाही. असा मजकूर कोणत्याही प्रणालीत भरण्यापूर्वी युनिकोडमध्ये आणावा लागतो, त्या रूपांतरात रफार आणि जोडाक्षरे हमखास बिघडतात, आणि म्हणून मुद्रितशोधकाचे मानधन संकेतस्थळाच्या अंदाजपत्रकात होस्टिंगच्या खर्चाआधी धरायला हवे.