नाव घ्या, नाव! – उखाणा हजेरीत आणला तेव्हा

लग्नात नवरी उंबरठ्यावर आली की नणंदा दार अडवतात. "नाव घेतल्याशिवाय आत सोडणार नाही!" मग नवरी लाजते, आठवते, दोन ओळी म्हणते आणि सगळा मांडव हसतो. आपण याला गंमत म्हणतो, कविता म्हणत नाही. कविता म्हणजे पुस्तकातली, चाल लावून पाठ करायची, खाली कवीचं नाव असलेली. चौथीच्या वर्गाला कविता शिकवताना मला बरेच दिवस हेच वाटायचं. मुलं कविता पाठ करायची, पण स्वतःहून एक ओळ जुळवा म्हटलं की वर्ग चिडीचूप.

उखाण्याची रचना नीट पाहिली तर तो मुलांसाठीच बनवलाय असं वाटतं. ओळी दोनच. पहिली ओळ पूर्ण मोकळी, समोर दिसेल ते तिच्यात घाला. दुसऱ्या ओळीत नावाची एक जागा ठरलेली. दोन्ही ओळींचा शेवट जुळला की झालं. पहिल्या आणि दुसऱ्या ओळीचा अर्थाने संबंध असलाच पाहिजे असंही नाही. महादेवाच्या पिंडीचा नवऱ्याच्या नोकरीशी काय संबंध? तरी चालतं.

आणि ऐकणाऱ्यांनाही काम असतं. मागणी त्यांनी करायची, अडवायचं त्यांनी, यमक चुकलं तर ओरडायचंही त्यांनीच. नाव कोणतं येणार हे सगळ्यांना आधीच माहीत असतं. ते कसं येणार, यासाठी कान टवकारलेले असतात. जुन्या कोशांत उखाणा म्हणजे कोडं असाही अर्थ दिलेला आहे, तो इथे पटतो.

जात्यावरची ओवीही अशीच दोघींची. एकीने ओळ उचलायची, समोरच्या खुंट्याला हात लावलेलीने ती पुढे न्यायची. भावाचं, लेकाचं, गावाचं नाव ओवीत बसवायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी कार्यकर्त्यांसोबत गावोगावी फिरून अशा लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. त्या आता 'पारी'च्या संकेतस्थळावर वाचता-ऐकता येतात. शिक्षकांनी एकदा जरूर ऐकाव्यात. पण जातं आता घरात राहिलं नाही. उखाणा अजून आहे, म्हणून मी त्यालाच धरलं.

हजेरीचा बुधवार

दर बुधवारी हजेरीला "हजर" म्हणायचं नाही, उखाणा घ्यायचा. नाव मित्राचं, मैत्रिणीचं, आईचं, शेळीचंसुद्धा चालेल. अट एकच, पहिली ओळ आपल्या तेरची पाहिजे. तेरणा नदी, एसटी स्टँड, लामतुरे संग्रहालयातली मातीची खेळणी, खिचडीचं पातेलं, काहीही. गोरोबाकाकांच्या गावात पहिला उखाणा मातीचाच येणार हे ठरलेलंच होतं:

चाकावर माती फिरते गरागरा,
____ माझा दोस्त हाय खराखुरा.

दुसऱ्या बुधवारी मात्र एकाने तक्रारच उखाण्यात घातली:

एसटी आली, ढोकीला गेली,
____नं माझी पेन्सिल नेली!

वर्ग फुटला हसून. ज्याचं नाव आलं तो एरवी तोंड उघडत नाही. मी म्हटलं, उत्तर उखाण्यातच द्यायचं. पाच-सात मिनिटं तो खाली बघत बसला, मी पुढचे नंबर घेत राहिले. मग तो उभा राहिला:

पेन्सिल नेली खरी, पण टोक करून दिलं,
सगळ्यांपुढं ____नं माझं नाव वाईट केलं!

त्या दिवशी गणिताचा तास निम्मा गेला. गेला तर गेला.

करून पाहणाऱ्यांसाठी एक युक्ती सांगते. मुलं पहिली ओळ ठरवून मग यमक शोधत बसतात आणि अडकतात. जाणत्या बायका उलटं करतात. नावाची ओळ आधी पक्की ठेवतात आणि वरची ओळ प्रसंगाप्रमाणे बदलतात. मुलांनाही शेवटचा शब्द आधी निवडायला सांगा. आणि मोबाईल नको. हल्ली लग्नात नवरा-नवरीसुद्धा मोबाईलमधला उखाणा वाचून दाखवतात. तो सुबक असतो, पण समोर बसलेल्या माणसांचं त्यात काहीच नसतं.

ज्यांना कुणी विचारत नाही

सप्टेंबरात शाळेत आजी-आजोबा दिवस झाला. मुलांनीच ठरवलं की आज्यांनी उखाणे घ्यायचे. मला त्यात धोका दिसायला हवा होता, दिसला नाही. नवऱ्याचं नाव थेट घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, या समजुतीपायी बाईला नाव ओळींत लपवून घ्यावं लागायचं. म्हणजे नवरा गेला की उखाणाही गेला. हळदीकुंकवाला विधवा बाईला कुणी "नाव घ्या" म्हणत नाही. मुळात बोलावतच नाहीत.

ओळीत तिसऱ्या बसलेल्या आजी म्हणाल्या, "मला नगं ईचारू बाई, माझं काय राह्यलंय आता." त्यांचा नातू पटकन बोलला, "आजे, माझं नाव घे की!" आजींनी त्याच्याकडे बघितलं, पदर सावरला:

जवारीच्या रानात पाखरं आली चार,
____ हाय माझ्या म्हातारपणाचा आधार.

त्यांच्या शेजारच्या आजी मात्र उठून बाहेर गेल्या. मी मागे गेले, पण त्या काही बोलल्या नाहीत. चूक माझी होती. कुणाचं नाव घ्यायचं हे आधीच मोकळं करून सांगायला हवं होतं.

मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून बाकी ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. हे मोठंच काम झालं. पण हळदीकुंकवाच्या खोलीत "आता तुम्ही घ्या नाव, लेकीचं घ्या, बहिणीचं घ्या" असं म्हणायला शेजारीणच लागते, तिथे ठराव पोचत नाही. मी यंदा संक्रांतीला आमच्या गल्लीत तसं म्हणून बघणार आहे. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

त्या कार्यक्रमातून आणखी एक गोष्ट कळली. आज्यांची नावं लिहून आणा म्हटलं, तर निम्म्याहून जास्त वह्यांत नुसतं "आजी" लिहिलेलं. जन्मभर त्यांनी दुसऱ्याचं नाव घेतलं, त्यांचं नाव घरात कुणाला ठाऊक नाही. म्हणून गृहपाठ दिला. आजीचं नाव विचारायचं, माहेरचं गाव विचारायचं आणि बुधवारी त्या नावाने हजेरी द्यायची. उठून गेलेल्या आजींच्या नातीने दिली ती अशी:

माळावरच्या बोरीला कुणी घातलं न्हाई खत,
____ आजीच्या हाताला अजून हाय बरकत.

हा उखाणा तिने घरी जाऊन आजीला म्हणून दाखवला. आजीने तिला तो आणखी दोनदा म्हणायला लावला, असं तिने दुसऱ्या दिवशी सांगितलं.