वासराला जंताचं औषध देताय? आधी मागच्या पंधरा दिवसांचा हिशेब बघा



लालबाग-परळच्या आपल्या प्रत्येक बॅचमध्ये हा प्लॅन असतोच: "सर, गावी जागा आहे, भाऊ आहे, चार गाई-म्हशी घेऊन गोठा टाकतो." भांडवल मुंबईचं, राबणार भाऊ. शेड, चारा, दुधाचा दर, सगळं वहीत लिहिलेलं असतं. वासरांच्या औषधांचं पान मात्र कोरं.

आजची कालवड म्हणजे अडीच-तीन वर्षांनी तुमची दुधाची गाय. ती दगावली, तर नवी गाय विकत घ्यावी लागते. म्हणून हा विषय धंद्याचाच आहे.

आता गडबड कुठे होते? जंताचं औषध भाऊ पाजतो. गोचिडाचं औषध शेजारी देतो. टॉनिक तुम्ही मुंबईहून रात्रीच्या गाडीने पाठवता. तिघांनाही एकमेकांचं माहीत नसतं. प्रत्येक औषध आपल्या जागी बरोबर असतं, पण एकत्र आली की काही औषधं एकमेकांना मारतात आणि काही वासरालाच भारी पडतात.

१. पायपरझिन आणि पायरँटेल
रेडकांना आईच्या दुधातूनच गोलकृमी होतात, म्हणून पहिला डोस साधारण १० ते १६ दिवसांच्या वयात देतात. पायपरझिन जंताला लुळं पाडतं. पायरँटेल, मोरँटेल आणि लेव्हामिसोल जंताला आखडवतात. म्हणजे कामं उलटी. पायपरझिनसोबत यातलं काही दिलं, तर एक दुसऱ्याचा परिणाम खोडतं. पैसे दोन औषधांचे जातात आणि जंत पोटातच राहतात. "डबल दिलं की लवकर साफ होईल" हा हिशेब इथे चालत नाही.

२. लेव्हामिसोल आणि गोचिडाचं औषध
हे सगळ्यात धोक्याचं. काही कीटकनाशकं ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली असतात. शेतात मारायचं क्लोरपायरीफॉस त्यातलंच. डायक्लोरव्हॉसवर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे, तरी एखादी जुनी बाटली माळ्यावर पडलेली असू शकते. हा गट आणि लेव्हामिसोल, दोघंही एकाच प्रकारच्या नसांना उत्तेजित करतात. मग लाळ गळते, अंग थरथरतं, श्वास लागतो. दोन्हींमध्ये किमान १४ दिवसांचं अंतर हवं, मागे आणि पुढेही. आणि शेतातलं कीटकनाशक जनावराच्या अंगावर लावायचंच नाही.

३. रक्ती हगवण आणि टॉनिक
शेणातून रक्त आलं की लोक जंताचीच गोळी देतात. पण कारण कॉक्सिडिया असेल, तर तो जंत नाहीच. अल्बेंडाझोलने तो जात नाही. त्यावर डॉक्टर बऱ्याचदा अँप्रोलियम देतात. हे औषध परजीवीला बी-१ जीवनसत्त्व मिळू देत नाही, म्हणूनच काम करतं. तुम्ही त्याच दिवसांत बी-१ असलेलं टॉनिक भरपूर पाजलं, तर औषधाचा जोर कमी होतो. टॉनिक कधी द्यायचं, ते डॉक्टरांनाच विचारा.

४. ब्रँड दोन, औषध एकच
एका डब्यात क्लोसँटेल, दुसऱ्यात आयव्हरमेक्टिन आणि क्लोसँटेल. दोन्ही दिले की क्लोसँटेलचा डोस दुप्पट. जास्त क्लोसँटेलने जनावर आंधळं होऊ शकतं. म्हणून समोरचं मोठं नाव सोडा आणि बारीक अक्षरातला कंटेंट वाचा.

याचा अर्थ दोन औषधं कधीच एकत्र चालत नाहीत, असं नाही. काही जंतनाशकं कंपनीच एकत्र बनवते. कुठली जोडी चालते आणि वजनाप्रमाणे किती द्यायची, हे पशुवैद्यकाने ठरवायचं. अंदाजाने कमी दिलं तरी नुकसानच, कारण जंतांना त्या औषधाची सवय होते.

मग करायचं काय?
गोठ्यात एक वही टांगा. पाच रकाने पुरे: तारीख, वासराचा बिल्ला नंबर किंवा नाव, वजन, कंटेंट, कोणी दिलं. गोचिडाचं औषध, फवारणी आणि टॉनिकसुद्धा त्यातच लिहायचं. नवीन औषध देण्याआधी भावाने त्या पानाचा फोटो तुम्हाला आणि डॉक्टरांना व्हॉट्सअॅप करायचा.

परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आपल्या शेजारी आहे, पण तुमचं वासरू गावी आहे. ज्यांनी ते तपासलं, त्या तालुक्याच्या डॉक्टरांचा नंबर आधी सेव्ह करा. औषध दिल्यावर वासरू थरथरायला लागलं, तर घरगुती उपाय करत बसू नका. लगेच डॉक्टरांना किंवा १९६२ या फिरत्या पशुवैद्यकीय पथकाच्या टोल-फ्री नंबरला फोन लावा, आणि बाटली हातात ठेवा. डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतील: "काय काय दिलंय?"

वहीची किंमत वीस-तीस रुपये. पुढच्या गाडीने औषधाआधी ती पाठवा.