एकाच पातेल्यातलं पथ्य

अळणी हा शब्द शब्दकोशात पाहिला तर अर्थ मिळतो बिनमिठाचं. संस्कृतातल्या ‘अलवण’ या शब्दाचं ते मराठी रूप. पण फलटण, सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात एखाद्या घरी कोंबडी शिजत असेल आणि आतून कुणी म्हणालं, ‘आधी पोरांना अळणी वाढा’, तर त्या वाटीत मीठ असतं. हळद असते, आलं-लसूण असतं. नसतो तो फक्त मसाला. तांबडं तिखट पडण्याआधी काढून घेतलेलं कोंबडीचं पाणी म्हणजे आपल्याकडचं अळणी. लहान मूल, बाळंतीण, तापातून उठलेलं माणूस यांचा त्यावर पहिला हक्क. त्यात भात कालवला की झाला अळणी भात. आमच्या मुसलमान घरांतून याच पाण्याला यखनी म्हणतात. शब्द फारसी, पातेलं तेच.

या अळणीकडे आज मी वळले आहे ती अलीकडे घरोघरी ऐकू येणाऱ्या एका पथ्याच्या निमित्तानं. मी कवितेत रमणारी बाई, डॉक्टर नव्हे. पण घरात आजारी माणूस असलं की स्वयंपाकघराला थोडं वैद्यक शिकावंच लागतं.

आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक राखणदारांची फौज असते. कधी कधी ही फौज घरच्याच माणसांना चोर समजते आणि स्वतःच्याच अवयवांवर चालून जाते. सांध्यांवर गेली तर आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. गळ्यातल्या ग्रंथीवर गेली तर हाशिमोटोचा थायरॉइड. जपानी डॉक्टर हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये त्याचं वर्णन केलं. कातडीवर सोरायसिस, आतड्यावर क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस. इंग्रजीत या साऱ्यांना मिळून ऑटोइम्यून आजार म्हणतात.

यातल्या एका आजारात अन्नाचा दोष स्पष्ट सापडला आहे. तो आजार सिलिअॅक. हॉलंडमधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी गहू बंद करून मुलं सुधारतात हे पाहिलं होतं. १९४४-४५च्या हिवाळ्यात, महायुद्धामुळे तिथे पाव मिळेनासा झाला, तेव्हा त्यांचा विश्वास पक्का झाला. १९५० मध्ये त्यांनी आपला प्रबंध मांडला. गव्हातलं ग्लुटेन कायमचं सोडणं हाच या आजारावरचा उपाय. इतर आजारांत मात्र असा एकच गुन्हेगार हाती लागलेला नाही. म्हणून संशयितांना एकेक करून बाहेर उभं करायचं आणि मग एकेकाला आत घेऊन पाहायचं, अशी रीत निघाली. अमेरिकेतले डॉक्टर अल्बर्ट रोव यांनी १९२०च्या दशकात ती अॅलर्जीसाठी वापरली. ऑटोइम्यून आजारांसाठी आज सांगितला जाणारा आहार हा तिचाच कडक अवतार आहे.

कडक म्हणजे किती? गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी बंद. डाळी, शेंगदाणे बंद. दूध, दही, अंडी, साखर, चहा-कॉफी बंद. मिरची, टोमॅटो, बटाटा, वांगं हे एकाच कुळातले चौघे बंद. बियांपासून आलेलं सारं बंद, म्हणजे धने, जिरे, मोहरी, तीळ, खसखस. बियांची तेलंही त्यातच. आमच्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बिनकाटेरी करडई शेतकऱ्यांपर्यंत नेली, पण त्या करडईचं तेलही या काळात फडताळात राहतं. यादी वाचूनच माणसाची भूक मरते.

हे सारं करून गुण येतो का? उत्तर जपून द्यायला हवं. २०१७ मध्ये अमेरिकेत क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या १५ रुग्णांना हा आहार दिला. सहा आठवड्यांत ११ जणांची लक्षणं शमली. २०१९ मध्ये हाशिमोटोच्या १७ स्त्रियांवर असाच प्रयोग झाला. त्यांना बरं वाटू लागलं, पण थायरॉइडच्या तपासणीचे आकडे फारसे हलले नाहीत. दोन्ही प्रयोग लहान, आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. म्हणजे आशेला जागा आहे, गोळ्या फेकून देण्याला नाही. मेथोट्रेक्सेट असो की थायरॉइडची गोळी, ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही थांबवू नये. आणखी एक. सिलिअॅकचा संशय असेल तर गहू सोडण्याआधी रक्ताची तपासणी करून घ्या. गहू सोडल्यावर ती तपासणी फसवते. गरोदर बाई, वाढतं मूल, मधुमेही, वजन उतरलेलं माणूस यांनी हा आहार मनानं सुरूच करू नये.

आता पातेल्याकडे येऊ. आमच्या भाभींचा आमवात जुना. त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानं हा आहार धरला, तेव्हा पहिल्या आठवड्यात त्यांच्यासाठी वेगळं पातेलं चढायचं. त्या लवकर जेवून घ्यायच्या. ‘तुम्ही बसा, माझं झालं,’ म्हणायच्या आणि खोलीत जायच्या. पथ्यातल्या पदार्थांपेक्षा ते वेगळं पातेलं त्यांना जड जात होतं. आजारी माणसाला सगळ्यांत आधी तोडते ती पंगत, हे तेव्हा दिसलं.

वाट आपल्या जुन्या रीतीतच होती. आपल्याकडे कोंबडी एका दमात मसाल्यात शिजवत नाहीत. आधी अळणी शिजतं, मग मसाला पडतो. त्या मधल्या थांब्यापर्यंत पातेलं सगळ्यांचं असतं. तो थांबा पथ्याला जुळवून घेतला की काम झालं.

जुळवायचं ते असं. अळणीतले हळद, आलं, लसूण, कांदा, मीठ हे पथ्यात चालतात. दालचिनी ही साल, लवंग ही कळी, तमालपत्र हे पान, म्हणून तीही चालतात. काळी मिरी आणि वेलची ही फळं. पहिले काही आठवडे त्यांना थांबवायचं. ओलं खोबरं, खोबरेल, कोथिंबीर, पुदिना, कढीपत्ता, आमसूल यांना मुभा आहे. हिंगाकडे मात्र नीट पाहा. डबीतल्या हिंगपुडीत बहुधा गव्हाचं किंवा तांदळाचं पीठ मिसळलेलं असतं. तयार मसाल्यांची पाकिटंही तशीच संशयाची.

तांदळाच्या जागी कोण? इथे एकादशी मदतीला येते. ज्ञानेश्वर माउलींची पालखी आषाढात फलटणला मुक्कामी असते, तेव्हा उपवासाचं रताळं काय असतं हे आमच्या गावात कुणाला सांगावं लागत नाही. रताळं नावानं बटाट्याच्या पंगतीतलं वाटलं तरी कुळानं वेगळं, म्हणून ते चालतं. सुरण चालतो, साबुदाणा चालतो. पण उपवासाची सगळी थाळी मात्र चालत नाही. भगर, राजगिरा, शेंगदाणे, बटाटा आणि हिरवी मिरची या पथ्यात बसत नाहीत.

किलोभर कोंबडी हाडांसकट घ्या. जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे खोबरेल तापवून एक मोठा कांदा मऊ करा. त्यावर दोन चमचे वाटलेलं आलं-लसूण, अर्धा चमचा हळद, मग कोंबडी आणि मीठ. तिला स्वतःचं पाणी सुटेपर्यंत परतत राहा. झाकणाच्या ताटात पाणी ठेवा आणि ते तापलं की तेच आत ओता, असं करत दीड लिटरपर्यंत न्या. दालचिनीचा तुकडा, तीन लवंगा, एक तमालपत्र टाका. ब्रॉयलर कोंबडी पाऊण तासात होते, गावठीला दीड तासही लागतो. शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत दोन रताळ्यांच्या जाड फोडी आणि लाल भोपळ्याच्या चार फोडी सोडा.

आता तो थांबा. पथ्याच्या माणसाचं अळणी, कोंबडीचे तुकडे आणि फोडी आधी बाजूला काढा. त्यातली एक फोड वाटीतच पळीनं चिरडा. तीळ-खसखशीनं येणारा दाटपणा तिच्यानं येतो. टोमॅटोच्या आंबटपणाला एक आमसूल पुरे. वरून वाटलेलं ओलं खोबरं आणि कोथिंबीर. उरलेल्या पातेल्यात मग घरच्यांसाठी कांदा-लसूण मसाल्याची फोडणी खुशाल पडू द्या. एवढंच पाळा, की मसाल्यात बुडालेली पळी पुन्हा पथ्याच्या वाटीत येता कामा नये. सिलिअॅकच्या रुग्णाजवळ तर चपातीचं पीठ लागलेला हातही नको.

तिखटाशिवाय कोंबडी कशी गोड लागेल, असं कुणी विचारेल. मिरची आपल्या देशात आली सोळाव्या शतकात, पोर्तुगीजांबरोबर, अमेरिका खंडातून. टोमॅटो आणि बटाटाही मूळचे तिकडचेच. त्याआधीचा दख्खनी स्वयंपाक आलं, मिरी, पिंपळी यांच्यावर तिखट होत होता. आणि कोंबडीच्या पाण्याची थोरवी त्याहून जुनी. बाराव्या शतकात कैरोत राहणारे यहुदी वैद्य मुसा इब्न मैमून आजाऱ्यांना ते द्यायला सांगत. २००० मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठातल्या डॉक्टर रेनार्ड यांनी प्रयोगशाळेत पाहिलं, तर कोंबडीच्या सुपानं काही पांढऱ्या पेशींची धावपळ थोडी मंदावली. काचेच्या नळीतलं निरीक्षण ते. त्यावरून औषध म्हणून दावा करता येत नाही, पण आजीच्या वाटीला अगदीच आधार नाही असंही म्हणता येत नाही.

या आहाराचा अर्धा भाग लोक विसरतात, तो परतीचा. सहा ते आठ आठवडे वगळून झालं की पदार्थ परत आणायचे असतात. एका वेळी एकच. पहिल्या दिवशी चिमूटभर, त्रास नसेल तर नेहमीएवढा, आणि मग पाच-सात दिवस वाट पाहायची. सांधे दुखले का, झोप कशी लागली, पोट काय म्हणतं, हे वहीत लिहायचं. आधी काळी मिरी, तूप, अंड्यातला पिवळा बलक. मग धने, जिरे, तीळ. पुढे तांदूळ, ज्वारी. मिरची आणि गहू अगदी शेवटी. सिलिअॅक असेल तर गहू परत येत नाही, पण ज्वारी, बाजरी, तांदळात ग्लुटेन नसतं, त्यामुळे स्वच्छ जात्यावरची भाकरी त्यांना कायम मोकळी असते. जे वर्षानुवर्षं सगळंच वगळत राहतात, त्यांना कशानं त्रास होतो ते कधी कळत नाही, आणि अंगात कमतरता मात्र साठत जाते.

भाभींच्या वहीत मिरी, धने, तीळ आणि ज्वारी यांच्यापुढे बरोबरची खूण आहे. टोमॅटो आणि लाल मिरची यांच्यापुढे दोनदा फुली पडली. गोळ्या चालूच आहेत, त्यातली एक डॉक्टरांनी कमी केली. तुमच्या घरच्या वहीत खुणा वेगळ्या जागी पडतील, कारण हा आजार प्रत्येकाचा स्वतंत्र असतो. पण वही ठेवा. आणि पुढच्या रविवारी कोंबडी आणाल तेव्हा फोडणी घालण्याआधी क्षणभर थांबून, आजारी माणसाची वाटी आधी भरा. म्हणजे जेवायला सगळ्यांना एकदमच बसता येईल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)