अनिश्चित उपपदाचा अर्थ : ‘एक’ आणि ‘एखादा’

‘काल मला एक मनुष्य भेटला’ ह्या वाक्यातील ‘एक मनुष्य’ हे कोणाचे नाव आहे? बोलणाऱ्यास गोविंदराव भेटले असतील. पण त्यांच्याऐवजी दुसरा कोणी भेटला असता तरी वाक्य खरेच राहिले असते. ‘मला एक राक्षस भेटला’ हे वाक्य तर खोटे असूनही सार्थ आहे. ह्यावरून बर्ट्रंड रसेल ह्यांनी १९०५ साली ‘माइंड’ ह्या नियतकालिकात असे प्रतिपादिले की, अशी पदे स्वतंत्रपणे कशाचाही निर्देश करीत नाहीत. ‘क्ष मनुष्य आहे व क्ष मला भेटला’ हे निदान एका क्षविषयी खरे आहे, एवढेच वाक्य सांगते. अनिश्चित उपपद म्हणजे प्रच्छन्न अस्तित्वविधान होय.

हे विवेचन मराठीस पुरत नाही. इंग्रजी ‘ए’ मुळात ‘एक’ ह्या संख्यावाचकाचेच झिजलेले रूप; त्या एकाच उपपदाचे कार्य मराठीत ‘एक’, ‘एखादा’, ‘कोणी’ आणि नुसते नाम ह्यांत वाटले गेले आहे. ‘शांतेला एक पुस्तक हवे आहे’ असे म्हटल्यास तिच्या मनात ठराविक पुस्तक असू शकेल. ‘एखादे पुस्तक’ म्हणताच ती शक्यता मावळते. आणि ‘काल मला एखादा मनुष्य भेटला’ हे तर कोणी मराठी भाषक बोलणारच नाही! वस्तुतः अस्तित्वविधान दोहोंत सारखेच आहे. मग ‘एखादा’ येथे का चालू नये? आज्ञा, इच्छा, संकेत, रीती ह्यांत मात्र तो सहज रुळतो.

पीटर गीच ह्यांनी १९६२ साली चर्चेत आणलेले गाढवाचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. ‘ज्या शेतकऱ्याजवळ गाढव असते, तो त्याला झोडपतो.’ ‘गाढव’ हे अस्तित्वविधान संबंधी वाक्यातच संपले असे मानले, तर ‘त्याला’ हे सर्वनाम निराधार होते. ते वाक्याबाहेर काढले, तर सर्व शेतकऱ्यांचे मिळून एकच गाढव ठरते. अभिप्रेत अर्थ तर प्रत्येक शेतकरी व त्याचे प्रत्येक गाढव असा आहे. हान्स काम्प (१९८१) आणि इरेने हाइम (१९८२) ह्यांनी स्वतंत्रपणे सुचविलेला तोडगा असा : अनिश्चित पदाला स्वतःची संख्याशक्ती नाही. ते केवळ वहीत नवे खाते उघडते, सर्वनाम त्याच खात्यात नोंद करते. ‘सर्व’ की ‘काही’ हे भोवतालचे वाक्य ठरविते.

ह्याच वाक्यात ‘एखादे गाढव’ घालून पाहावे. मुळीच खटकत नाही. ‘एक गाढव’ म्हटले की मात्र संख्या डोके वर काढते. माझ्या मते काम्प–हाइम ह्यांच्या कल्पनेतील परावलंबी अनिश्चित पद मराठीत ‘एखादा’ ह्या रूपाने उघड दिसते, आणि भूतकालीन घटित प्रसंगात त्याला आधार देणारे असे काही नसल्यामुळेच तो तेथे टिकत नाही.